हात लावण्याआधी गाडी वाचा: जुनी मसल कार दुरुस्त करताना कारखान्याच्या खुणा कशा जपायच्या

शेवरलेची १९६९ ची कॅमारो माझ्या गॅरेजात आली, त्याच आठवड्यात मी तिचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, काढून सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं साफ करायला दिला. शाफ्टवर ग्रीस आणि चिखलाचा जाड थर होता. त्याखाली काही जपण्यासारखं असेल, हे मनातही आलं नाही. चार दिवसांनी शाफ्ट राखाडी, लख्ख होऊन परत आला. पुढे काही महिन्यांनी त्याच वर्षाच्या, कधीच न उघडलेल्या दुसऱ्या एका कॅमारोखाली मी टॉर्च घेऊन आडवा झालो, तेव्हा तिच्या शाफ्टवर दोन रंगांचे पट्टे दिसले. ब्रशनं ओढलेले, एका बाजूला थोडे ओघळलेले. माझ्या शाफ्टवर कोणते पट्टे होते, हे आता कधीच कळणार नाही. फोटो नाही, नोंद नाही, रंगाचा ठिपकाही उरलेला नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण आता साठीच्या दशकातली गाडी घेऊन शनिवार-रविवार तिच्यात रमतात. इथे डेट्रॉईटच्या आसपास तर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग पाहिली की कुणालाही हा नाद लागावा. ज्यांनी नुकतीच अशी गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून १९६९ ची कॅमारोच घेतो, कारण तिचा बोल्ट न् बोल्ट माझ्या हातातून गेला आहे. काटेकोर मंडळी तिला मसल कार, म्हणजे दमदार इंजिनची अमेरिकन गाडी, न म्हणता पोनी कार, म्हणजे त्याच वळणाची लहान गाडी, म्हणतील. पण खुणा जपण्याची रीत पाँटियाक जीटीओ असो, डॉज चार्जर असो की मस्टँग, सगळीकडे सारखीच.

खुणा दोन जातीच्या

पहिली जात कायमच्या खुणांची: पत्र्यावर किंवा इंजिनवर पंच केलेले नंबर, लोखंड ओततानाच उमटलेले ओतीव आकडे, रिव्हेट मारून बसवलेल्या पट्ट्या. या सहज पुसल्या जात नाहीत, पण अडाण्या हातात ग्राइंडर आला की जातात.

दुसरी जात क्षणभंगुर खुणांची. मेणखडूनं लिहिलेले आकडे, रंगाचे ठिपके, शाफ्टवरचे पट्टे, स्प्रिंगला गुंडाळलेले कागदी लेबल, शाईचे शिक्के. असेंब्ली लाइनवर एकामागून एक येणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या असत: एक सहा सिलिंडरची, पुढची आठ सिलिंडरची व्ही-८, तिसरी उघड्या छताची कन्व्हर्टिबल. कामगाराला प्रत्येक वेळी पार्ट नंबर वाचत बसायला वेळ नसे. या गाडीला हिरव्या पट्ट्याचा शाफ्ट, त्या गाडीला पांढऱ्या, एवढं पाहून तो हात घाली. तपासनीसानं बोल्ट घट्ट आहे का ते पाहिलं, की त्यावर रंगाचा एक फटकारा. गाडी गिऱ्हाइकाकडे गेली की या खुणांचं काम संपलं. त्या टिकाव्यात अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, म्हणून जिथे टिकल्या आहेत तिथे त्यांचं मोल आहे. सिनसिनाटीला खेटून असलेला नॉरवुडचा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला, कॅलिफोर्नियातला व्हॅन नायसचा १९९२ मध्ये. अमेरिकेत १९६९ ची कॅमारो या दोनच ठिकाणी बनत होती. त्या लाइनवरच्या माणसांच्या हाताच्या खुणा आता फक्त गाड्यांवर उरल्या आहेत.

शेवरलेच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. १९६९ ची मस्टँग असेल तर फोर्डच्या जुन्या नोंदींवरून तयार केलेला मार्टी रिपोर्ट विकत मिळतो. पाँटियाकसाठी पीएचएस ही संस्था मूळ बिलाची प्रत काढून देते. कॅनडात विकलेल्या जीएमच्या, म्हणजे शेवरलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या, गाडीचीही माहिती मिळते. पण अमेरिकेत विकलेल्या १९६९ च्या कॅमारोवर कारखान्यानं कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणतं जादा सामान बसवलं होतं, हे सांगणारी नोंदवही नाही. त्या वर्षी २,४३,०८५ कॅमारो बनल्या, त्यांतल्या २०,३०२ झी-२८ या खास वेगवान प्रकारच्या होत्या. आज झी-२८ म्हणून दाखवली जाणारी गाडी खरंच त्या वीस हजारांतली आहे का, हे गाडीच सांगू शकते. तिच्या अंगावरची खूण तुम्ही घासून टाकली, तर साक्षीदारच गेला.

पहिला आठवडा: पाणी नाही, पान्हा नाही

गाडी आली की प्रेशर वॉशर बाहेर काढू नका. इंजिनवर डीग्रीझर मारू नका. पहिला आठवडा फक्त पाहायचं.

हातात एक चांगला टॉर्च हवा, आणि तो समोरून नव्हे, बाजूनं, पत्र्याला जवळजवळ समांतर धरायचा. समोरून उजेड टाकला की पंच केलेला नंबर सपाट दिसतो. तिरका टाकला की प्रत्येक अक्षराची सावली पडते. फोटोही तसाच काढायचा. दर ठिकाणी तीन फोटो: एक लांबून, म्हणजे जागा कळेल, एक जवळून, आणि एक बाजूला मोजपट्टी ठेवून. रंगाची खूण असेल तर फोटोत पांढऱ्या कागदाचा तुकडाही येऊ द्या, म्हणजे पुढे रंग जुळवताना गॅरेजातल्या पिवळ्या दिव्यानं फसवणूक होणार नाही.

पंच केलेल्या नंबरांसाठी आपल्याला ठाऊक असलेली एक युक्ती आहे. आरटीओत पासिंगला गाडी नेली की चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, तेच इथे करायचं. पातळ कागद, मऊ पेन्सिल, हलका हात. कॅमेऱ्याला न दिसणारी अक्षराची कड कागदावर उमटते. माझ्या गाडीच्या इंजिनवरचा एक आकडा मला फोटोत ३ वाटत होता, छापात तो स्वच्छ ८ निघाला.

त्याच आठवड्यात एक वही करा. गाडीच्या पुढून मागे जात जा: बॉनेटखालचा भाग, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), केबिन, डिकी, मग खालची बाजू. जे दिसलं ते लिहा, अर्थ लागला नाही तरी लिहा. 'फायरवॉल, हीटरच्या खोक्याच्या वर, पिवळा मेणखडू, दोन आकडे, दुसरा बहुतेक ७', एवढं पुरे. अर्थ पुढे लागतो, कधी दोन वर्षांनीही लागतो.

नंबर वाचायला शिका

विंडस्क्रीनमधून ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर दिसते ती व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी. १९६९ च्या कॅमारोवर तेरा अक्षरं असतात. १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे, असा नंबर असेल तर: १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ इंजिनची कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड. सहा सिलिंडरच्या गाडीला २४ ऐवजी २३, कन्व्हर्टिबलला ३७ ऐवजी ६७, आणि व्हॅन नायसच्या गाडीला एन ऐवजी एल. म्हणजे २३ असलेल्या गाडीत कुणी झी-२८ चं इंजिन बसवून ती खरी म्हणून विकत असेल, तर पुढचं काही पाहायची गरजच नाही.

बॉनेट उघडलं की फायरवॉलवर ड्रायव्हरच्या बाजूला एक छोटी पट्टी दिसते, तिला काऊल टॅग म्हणतात. तिच्यावर बॉडीचा नंबर असतो, आणि तो व्हीआयएनशी जुळत नाही. नवीन माणूस इथे घाबरतो. घाबरू नका, तो जुळायचाच नसतो. तो बॉडी बनवणाऱ्या फिशरचा स्वतःचा क्रम. टॅगवर आतल्या सजावटीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ७११ म्हणजे साधी काळी. रंगाचे आकडे असतात: ५७ म्हणजे फॅदम ग्रीन, ७२ म्हणजे हगर ऑरेंज, ७१ म्हणजे ल मान्स ब्लू. आणि बांधणीचा आठवडा असतो: ०४डी म्हणजे एप्रिलचा चौथा आठवडा. नॉरवुडच्या गाड्यांवर १९६८ च्या अखेरीपासून एक्स-कोडही दिसतात. एक्स ३३ किंवा एक्स ७७ दिसला तर ती झी-२८ साठी ठेवलेली बॉडी. व्हॅन नायसच्या टॅगवर हे कोड नसतातच, म्हणून ते नाहीत यावरून तिथल्या गाडीबद्दल काही ठरवू नका.

आता इंजिन. छोट्या ब्लॉकच्या व्ही-८ मध्ये पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकचाच एक सपाट तुकडा बाहेर आलेला असतो, त्याला पॅड म्हणतात. १९६९ मध्ये आल्टरनेटर त्याच बाजूला आल्यामुळे पॅड त्याच्यामागे दडतो. त्यावर पंच केलेलं असतं, समजा, व्ही०४११एचए. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०४११ म्हणजे ११ एप्रिल, एचए म्हणजे कॅमारोसाठीचं ३०० अश्वशक्तीचं ३५० घनइंचांचं इंजिन, हातानं बदलायच्या गिअरसह. झी-२८ च्या ३०२ इंजिनला तिथे डीझेड असतं. याशिवाय १९एन आणि सहा आकडे, म्हणजे त्याच गाडीच्या व्हीआयएनचं छोटं रूप, पॅडवरच किंवा तेलाच्या फिल्टरजवळ पंच केलेला असतो. गिअरबॉक्सवरही तो असतो. मन्सी या गावच्या कारखान्यात बनलेल्या गिअरबॉक्सवर शिवाय पी९डी०८बी असं काही दिसेल: पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, डी म्हणजे एप्रिल, ०८ ही तारीख, आणि बी म्हणजे एम-२१ प्रकार.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत ओतकामाची तारीख असते, डी २९ अशी: २ एप्रिल १९६९. या सगळ्या तारखा एका ओळीत मांडा. ब्लॉक ओतला २ एप्रिलला, इंजिन जुळलं ११ एप्रिलला, गाडी बांधली एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात. क्रम सुरळीत आहे. इंजिन जुळल्याची तारीख ब्लॉक ओतल्याच्या आधीची निघाली, तर कुणीतरी नंबर नंतर मारला आहे. काचाही बोलतात. एलओएफ या काच कंपनीचा शिक्का असलेल्या मूळ काचेवर दोन अक्षरी कोड असतो, एक अक्षर महिन्याचं, एक वर्षाचं. पाच काचा एकाच काळातल्या आणि सहावी वेगळी निघाली, तर त्या बाजूचा पत्रा नीट तपासा, तिकडे अपघात झालेला असण्याची शक्यता दाट.

आणखी दोन जागा. व्हीआयएनचा तो अर्धा नंबर बॉडीवरही दोन ठिकाणी लपवून पंच केलेला असतो: विंडस्क्रीनच्या पुढच्या जाळीदार पत्र्याखाली आणि फायरवॉलवर हीटरच्या खोक्याच्या मागे. विंडस्क्रीनपुढचा तो भाग या गाड्यांत हमखास सडतो. पत्र्याचं काम करणारा नवा पत्रा लावताना जुना कापून भंगारात टाकतो, आणि त्याबरोबर नंबरही जातो. कापण्याआधी स्वतः उभे राहा, नंबर कुठे आहे ते मार्करनं गोल करून दाखवा, आणि तेवढा भाग जागेवरच ठेवून बाजूनं जोड द्यायला सांगा. हे काम वेळखाऊ आहे, पैसेही जास्त पडतात. मी ते दिले, आणि पुन्हा देईन.

टाकीवरचा कागद

गाडी बांधताना तिच्यात काय काय बसवायचं, याचा एक छापील कागद लाइनवर तिच्याबरोबर फिरत असे. त्याला बिल्ड शीट म्हणतात. काम झालं की कुणी तो फेकी, कुणी पेट्रोलच्या टाकीच्या वर सरकवी, कुणी सीटच्या स्प्रिंगांत खोची. नॉरवुडच्या गाड्यांत तो टाकीच्या माथ्यावर सापडण्याची शक्यता चांगली असते. कागदोपत्री पुरावा नसलेल्या गाडीला हा कागद मिळणं म्हणजे जन्माचा दाखला मिळणं.

म्हणून टाकी काढण्याचं काम घाईत करू नका. पेट्रोल पूर्ण काढून घ्या, बॅटरी आधीच सोडवून ठेवा, गॅरेजचं दार उघडं, ठिणगी उडेल असं काही जवळ नको. मग टाकीचे पट्टे थोडे थोडे सैल करून ती खाली आणा, तिरकी न करता, खालून जॅक आणि फळीचा आधार देऊन. चार बोटं फट पडली की थांबा आणि टॉर्च घालून वर पाहा. कागद असेल तर तो उंदरांनी कुरतडलेला, तपकिरी, पापडासारखा कडक झालेला असतो. ओढू नका. टाकीसकट खाली येऊ द्या, मग पातळ प्लॅस्टिकची पट्टी खालून सरकवत सुटा करा. पत्र्याला चिकटला असेल तिथे नुसता दमट टिपकागद वर ठेवून वाट पाहा. सुटल्यावर दोन टिपकागदांमध्ये सपाट ठेवा, वर पुस्तकाचं वजन. आणि लॅमिनेशन कधीच नाही. एकदा केलं की ते परत निघत नाही, उष्णतेनं शाईही बिघडते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, बस्स.

सीटखालीही पाहा, मागच्या सीटच्या पाठीतही. माझ्या गाडीच्या टाकीवर काही नव्हतं. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत तळहाताएवढा तुकडा मिळाला, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. लाइनवर असं होत असे. म्हणून कागदावरचा नंबर आपल्या गाडीच्या नंबराशी ताडून मगच आनंद करा.

मळ काढताना

ग्रीस आणि चिखलाचा थर हा खुणांचा रक्षक आहे. पन्नास-पंचावन्न वर्षं पाणी आणि मीठ त्यानंच अडवलं. तेव्हा तो काढायचा, पण कांद्याचं साल काढतात तसा, एकेक पदर.

आधी प्लॅस्टिकची खरवडणी, लोखंडी नव्हे. थर घट्ट असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करा, मऊ झाला की आपोआप सुटतो. पत्रा जवळ आला की खरवडणी ठेवून द्या आणि सुती फडकं घ्या. आता कोणतं द्रव वापरायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं. मेणखडू हा मेण आणि रंगच, तो टर्पेंटाइन, मिनरल स्पिरिट, रॉकेल यांत विरघळतो. रंगाचे ठिपके थिनर आणि ॲसिटोनमध्ये जातात. शाईचे शिक्के तर कशानेही जातात. म्हणून शेवटच्या पदराला फक्त पाण्यात मिसळलेला सौम्य साबण, तोही फडक्याला लावून, पत्र्यावर ओतून नव्हे. कापसाच्या बोळ्यानं एका कोपऱ्यात करून पाहा. बोळ्याला पिवळा, निळा, गुलाबी असा रंग दिसला की थांबा. तो मळाचा रंग नाही.

या कामात तोंडावर चांगला मास्क हवा. त्या काळच्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रेकच्या ड्रमवर हवेचा पाइप मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

खूण सापडली की लगेच तीन कामं. फोटो. मग तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून मार्करनं खूण जशीच्या तशी गिरवणं, ओघळासकट, तुटलेल्या टोकासकट. मग जागेचं माप: जवळच्या न हलणाऱ्या दोन गोष्टींपासून, समजा अमुक भोकापासून ११ सेंमी, खालच्या कडेपासून ४ सेंमी. एकाच मापावर जागा पक्की होत नाही.

बोल्टवरच्या रंगाच्या फटकाऱ्यांकडे मात्र वेळ देऊन पाहा. तपासनीस रंग लावे तो बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर उतरलेला असतो. डोक्यावरचा रंग आणि पत्र्यावरचा रंग आजही एका रेषेत असतील, तर तो बोल्ट कारखान्यानंतर कुणीही सोडलेला नाही. रेषा मोडली असेल, तर तो भाग मागे कधीतरी उघडला गेला आहे. माझ्या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्सच्या तीन बोल्टांवर ही रेषा अखंड होती. एप्रिल १९६९ मध्ये कुणीतरी ते आवळले, दुसऱ्या कुणीतरी हात फिरवून पाहिलं, पिवळा ब्रश मारला, आणि त्यानंतर त्यांना हात लागला तो माझाच. पान्हा लावण्याआधी मी बराच वेळ तिथे बसून होतो.

इंजिन मशीन शॉपला देताना

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. इंजिन उघडलं की बोअरिंगबरोबर, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करण्याबरोबर, ब्लॉकचं फेसिंगही करून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे हेड बसतं ती पातळी मशीनवर थोडी खरवडून सपाट करणं. नंबरांचा पॅड त्याच पातळीचा भाग आहे. मशीनचा कटर टोकापर्यंत गेला की काही सेकंदांत गाडीची ओळख संपते. माझ्या ओळखीतल्या एकाची अशी गेली. कारागीर वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून: तोंडी सांगणं पुरेसं नाही. कामाच्या पावतीवर लिहून घ्या की पॅडला कटर, एमरी, वायर ब्रश, ब्लास्टिंग काहीही लागणार नाही. पॅडवर जाड टेप लावा आणि ब्लॉकला तारेनं एक पाटी बांधा. फेसिंग खरंच लागणार आहे का ते आधी मोजून घ्या. ब्लॉक सपाट असेल तर करूच नका. लागणारच असेल, तर पॅडच्या अलीकडे कटर थांबवता येणारं मशीन आणि ते करणारा माणूस शोधा.

पॅडवर फक्त नंबर नसतो. कारखान्यात ती पातळी ब्रोच नावाच्या मोठ्या दातेरी हत्यारानं एका फटक्यात कापत, त्याच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे जाताना दिसतात. नंबर खरा आहे का हे पाहणारे जाणकार आधी या रेषा पाहतात, कारण नंबर खोटा मारता येतो, या रेषा साध्या हत्यारानं जमत नाहीत. पॅड चमकवण्यासाठी तुम्ही पॉलिश पेपरचे दोन हात मारले, तर खरा नंबरही संशयात पडतो. गंज असेल तर इव्हॅपो-रस्टसारख्या द्रवात कापूस भिजवून वर ठेवा, प्लॅस्टिकनं झाका, काही तासांनी नायलॉनच्या ब्रशनं हळू पुसा, लागेल तितक्या वेळा. मग कोरडं करून तेलाचा पातळ हात. हे द्रव रंगाच्या खुणेच्या आसपास मात्र नको.

पट्ट्या, रिव्हेट आणि कायदा

डॅशवरची व्हीआयएनची पट्टी फुलासारख्या सहा पाकळ्यांच्या रिव्हेटनं बसवलेली असते. ती काढू नका. डॅश रंगवायचा असेल तर पट्टी आणि रिव्हेट झाकून रंगवा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात व्हीआयएन काढणं किंवा बदलणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी खरोखर गरज असेल तर त्याच कायद्यात सवलत आहे, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. डॅशचा पत्राच सडला असेल, तर हात लावण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार खात्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

काऊल टॅगचंही तेच. फायरवॉल रंगवताना सोयीचं जातं म्हणून दुकानं तो खुशाल काढतात. परत बसवला तरी रिव्हेट नवे दिसतात, आणि नव्या रिव्हेटचा टॅग कुणी मानत नाही. बाजारात हवा तो नंबर मारलेले नवे टॅग विकायला असतात. ते घेऊ नका.

राखायचं की पुन्हा काढायचं

पत्रा धड आहे आणि मूळ रंग टिकून आहे, तिथे खूण आहे तशी ठेवा. तिच्यावर मेण, पॉलिश, लॅकर काही लावू नका, कारण या सगळ्यांत द्रावक असतं आणि ते मेणखडूला ओढून नेतं. अशा अस्सल अवशेषांची कदर करणाऱ्यांची आता कमी नाही. एएसीए या जुन्या अमेरिकन संस्थेत मूळ वैशिष्ट्यं टिकवलेल्या गाड्यांसाठी एचपीओएफ हा वेगळा वर्गच आहे.

पण खालचा भाग गंजला असेल तर ब्लास्टिंग करावंच लागतं, आणि खूण जाते. तिथे ती पुन्हा काढायची. गिरवलेलं प्लॅस्टिक मापावर ठेवा, कडा टोचून जागा घ्या. रंग जुळवताना उघड्यावर फिकटलेला भाग धरू नका. क्लॅम्पखाली, बोल्टच्या वॉशरखाली मूळ छटा शाबूत असते. स्वस्तातला ब्रश घ्या, पातळ रंग घ्या आणि भंगार पाइपवर वीस-पंचवीस वेळा सराव करा. नवशिक्याच्या खुणा हमखास फार नीट येतात. लाइनवरच्या माणसाला एका गाडीसाठी जेमतेम मिनिटभर मिळे, त्याचा पट्टा एका झटक्यात येई. तुम्हीही एका झटक्यात ओढा, आणि बिघडला तर पुसून पुन्हा, पण दुरुस्त्या करत बसू नका. क्रमही पाळा: शाफ्टवरचे पट्टे शाफ्ट बसवण्याआधी, तपासणीचे फटकारे बोल्ट ठरलेल्या ताणानं आवळल्यावर.

जी खूण तुमच्या गाडीवर सापडली नाही, ती काढू नका. दुसऱ्याच्या गाडीवरचे फोटो पाहून आपल्या गाडीवर ठिपके मारण्याची चाल फार पसरली आहे, कारण प्रदर्शनात ते छान दिसतं. पण एकाच आठवड्यात, एकाच लाइनवर बनलेल्या दोन गाड्यांच्या खुणाही वेगळ्या असतात. पाळी बदलली, माणूस बदलला, रंगाचा डबा संपला. तुम्ही अंदाजानं मारलेला ठिपका पुढच्या माणसाला पुरावा वाटतो, तो त्याची नक्कल करतो, आणि दहा वर्षांत खोटं खऱ्यासारखं रुळतं. माझा शाफ्ट आज साध्या लोखंडी रंगात आहे, वर तेलाचा हात. प्रदर्शनात एकदोघांनी विचारलं, पट्टे कुठे आहेत? मी सांगितलं, माझ्या हातून गेले.

ब्लॉकवर नंबर नव्यानं पंच करण्याबद्दलही हेच, आणि अधिक ठामपणे. मूळ इंजिन हरवलं असेल तर त्याच काळातलं दुसरं बसवा, त्यावर त्याचाच नंबर राहू द्या आणि विकताना तसं सांगा. त्यानं गाडीची किंमत कमी होते, हे खरं आहे. तरीही सांगा.

छोट्या गोष्टी

नटबोल्टांच्या डोक्यावरही बनवणाऱ्याची अक्षरं असतात, कॅमारोवर टीआर हे खूप दिसतं. नव्या चकचकीत बोल्टांची पेटी आणून जुने फेकू नका. जिथून काढले त्या जागेचं नाव लिहून छोट्या पिशवीत ठेवा, साफ करून तिथेच लावा. स्प्रिंगला चिकटलेलं कागदी लेबल निघत असेल तर पाकिटात, निघत नसेल तर फोटो. डिकीच्या झाकणाखालचं जॅकच्या सूचनांचं स्टिकर फाटलेलं असलं तरी ठेवा. नवं हुबेहूब स्टिकर विकत मिळतं, पण ते कधीही लावता येईल. जुनं एकदा खरवडलं की संपलं.

वहीत शेवटी दोन याद्या करा. कोणत्या खुणा मूळ आहेत, आणि कोणत्या तुम्ही पुन्हा काढल्या, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारावर. फोटो, पेन्सिलचे छाप, गिरवलेली प्लॅस्टिकं, मशीन शॉपची पावती, सगळं एका फाइलीत. गाडी विकली तर ही फाइल किल्लीबरोबर द्या.

माझ्या गाडीत हीटरच्या खोक्यामागे पिवळ्या मेणखडूत दोन आकडे आहेत. दुसरा खरंच ७ निघाला, त्याची मधली आडवी रेघ खोडून पुन्हा मारलेली आहे. खोका बसवला की ते आकडे झाकले जातात, पुढच्या दुरुस्तीपर्यंत कुणालाच दिसणार नाहीत. तुमच्याही गाडीत अशी एखादी जागा असेल. खोका बसवण्याआधी खूण झाकून भोवतीची फायरवॉल रंगवा, टेप खुणेवर नको, तिच्यापासून दोन बोटं दूर लावा, आणि बोल्ट आवळण्यापूर्वी एक शेवटचा फोटो घ्या.